नदीकाठच्या शेताचा पूरनकाशा आणि पूरपातळी कशी मिळवायची?

नदीचं काम पाहणाऱ्या जलसंपदा खात्याकडे पूररेषेचा नकाशा मागा. त्यावरची १०० वर्षांची रेषा म्हणजे शतकातून एकदाच येणारा पूर नव्हे. दरवर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांत साधारण २६ टक्के. रेषेपेक्षा पातळीचा आकडा महत्त्वाचा. तो समुद्रसपाटीपासूनचा की नदीवरच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचा, हे विचाराच. नाहीतर शेताच्या उंचीशी तुलनाच फसते. मग शेताची उंची सर्वेअरकडून जवळच्या बेंचमार्कवरून (उंची आधीच मोजलेल्या पक्क्या खुणेवरून) काढून घ्या. गूगल अर्थवरची उंची नको, तिथे काही मीटरचा फरक सहज पडतो. (पुरात अर्धा मीटरसुद्धा पुष्कळ.) नकाशाच नसेल तर २०१४ नंतरच्या पुरांसाठी सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं मोफत मिळतात, त्यांत ढगांखालचं पाणीही दिसतं.