गोवा सोडवणारा माधव मंत्री खरा की दंतकथा? आणि विद्यारण्यस्वामी ते हेच का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चौदाव्या शतकात गोवा तुरुकांकडून, म्हणजे बहामनी सत्तेकडून, सोडवणारा माधव मंत्री खरोखर होऊन गेला का, तो म्हणजेच वेदान्ती विद्यारण्यस्वामी का, आणि त्याने उभारलेली देवळं आज कुठे पाहता येतील.

माणूस खरा. विद्यारण्य नव्हे. इथेच थांबलो असतो, पण खाली तुम्ही 'आमच्याकडे कीर्तनकारबुवा असंच सांगतात' असं जोडलंय, म्हणून पुढचं लिहितोय. एका देवस्थानच्या स्मरणिकेत हेच वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरतंय: 'संन्याशाने दंड ठेवला आणि खड्ग उचललं.' वाक्य झोकदार आहे, टाळ्या मिळतात. फक्त चुकीचं आहे.

बुवांचा मुद्दा असा: नाव एक, काळ एक, विजयनगरचा दरबार एक, म्हणजे माणूसही एकच. असं धरलं तर गावातले सगळे रामनाथ एकच ठरतील. जुन्या लेखांतला माणूस नावावरून ओळखायचा नसतो. बाप, आई, गोत्र आणि गुरू या चार गोष्टी आधी बघायच्या. नावं उसनी मिळतात, बिरुदं तर खिरापतीसारखी वाटली जातात, पण दानपत्रात गोत्र चुकीचं घालून कोणी पुण्य मिळवायला जात नाही.

आता लावून बघा. विद्यारण्य पूर्वाश्रमीचे माधवाचार्य. पराशरस्मृतीवरच्या आपल्या भाष्यात ते स्वतःच सांगतात: वडील मायण, आई श्रीमती, भाऊ सायण आणि भोगनाथ, गोत्र भारद्वाज. माधव मंत्री मात्र चौंड आणि माचांबिका यांचा मुलगा, आंगिरस गोत्राचा. त्याचा गुरू काशीविलास क्रियाशक्ती हा शैव आचार्य. तोही विद्वान होता, स्कंदपुराणातल्या सूतसंहितेवर 'तात्पर्यदीपिका' ही टीका त्याची, आणि घोळ वाढायला हेही एक कारण झालं. दोघेही संस्कृतात लिहिणारे, दोघांनाही विजयनगरच्या बुक्करायाच्या दरबारात मान. पण चारपैकी एकही गोष्ट जुळत नाही. 'लेखकाने गोत्र चुकून लिहिलं असेल' हा बचावही मी ऐकलाय. चारही ठिकाणी चुकलं म्हणायचं का? शिवाय विद्यारण्य संन्यासी. संन्याशाला पूर्वाश्रमीचं गोत्र उरतच नाही, मग तो गोत्र सांगून गाव दान कसा करील?

गोव्यात यात एक तिसरा गोंधळ मिसळतो, तो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पर्तगाळी मठामुळे आपल्याकडे द्वैतमताचे मध्वाचार्य घरोघरी ठाऊक आहेत. बोलताना 'मध्वाचार्य' आणि 'माधवाचार्य' यांत फरक तो किती पडणार! त्यामुळे काही घरांत गोवा सोडवल्याचं श्रेय चक्क मध्वाचार्यांच्या पदरात पडलेलं आहे. अद्वैती विद्यारण्य, द्वैती मध्व आणि शैव माधव मंत्री, तिघांची एकच मूर्ती करून तिला तलवार दिली की झाला आपला नायक.

तारखेकडे येऊ, कारण वाद तिथे संपतो. माधव मंत्र्याच्या गोवाविजयाचं वर्णन ज्या ताम्रपटात आहे तो शके १३१३, प्रजापती संवत्सराचा. कुचर नावाच्या गावाचं माधवपूर असं नामकरण करून तो २४ ब्राह्मणांना दिल्याची ही नोंद. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हा ताम्रपट एकोणिसाव्या शतकातच छापून आला. शके १३१३ म्हणजे इ. स. १३९१. विद्यारण्यांचा देहत्याग १३८६ सालचा. समाधीनंतर पाच वर्षांनी गाव दान देणारा दाता मला तरी ठाऊक नाही.

'ती तारीखच खोटी असेल' असं म्हणणारेही आहेत, म्हणून पडताळा कसा घ्यायचा तेही सांगतो. कागद-पेन्सिल पुरते. संवत्सरांची, म्हणजे वर्षांची, नावं साठ; ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. शकाच्या आकड्यात १२ मिळवा आणि ६० ने भागा. बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. १३१३ अधिक १२ म्हणजे १३२५. साठाने भागून बाकी ५. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती. लेखात प्रजापतीच आहे. विद्यारण्यांचं साल शके १३०८, अधिक १२ म्हणजे १३२०, बाकी शून्य, क्षय. परंपरेतही क्षय संवत्सरच येतं.

हे करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, काही लेखांत गत शक असतो आणि काहींत चालू, म्हणजे आकड्यात एकाचा फरक पडतो. संवत्सराचं नाव एक घर पुढेमागे आलं की लगेच 'बनावट' म्हणून ओरडू नका, आधी एक वजा करून बघा. दोन, ही रीत दक्षिणेची. उत्तरेकडच्या बार्हस्पत्य, म्हणजे गुरू ग्रहाच्या गतीवरच्या, गणनेने नाव वेगळं येतं, आणि गुजरातेतलं किंवा काशीतलं छापील पंचांग उघडून बसलेला माणूस हमखास फसतो. इसवी सन काढताना ७८ मिळवा, पण तिथी जानेवारी उजाडल्यानंतरची, म्हणजे साधारण पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर ७९.

आता त्या दोन श्लोकांकडे, कारण सगळी दंतकथा तिथूनच फुटते. पहिल्यात म्हटलंय की दिग्विजयाला निघालेल्या मंत्र्याने मोठ्या सैन्यानिशी 'गोवाभिधां कोंकणराजधानीम्' वेढली, 'अन्येन मन्ये अरुणदर्णवेन', जणू दुसऱ्या समुद्रानेच. यावरून लोकांनी माधव मंत्र्याचं आरमार काढलं! जहाजांची संख्यासुद्धा सांगतात. अहो, शाळेत अलंकार शिकलात ना? 'मन्ये' आलं की उत्प्रेक्षा. कवी म्हणतो, सैन्य एवढं होतं की मला वाटतं दुसरा सागरच लोटला. आरमार असेल किंवा नसेल, या श्लोकातून ते निघत नाही.

दुसऱ्यात 'तुरुष्कसंघान् उत्पाट्य दोष्णा भुवनैकवीरः'. दोष्णा म्हणजे बाहूने, एकवचनात. झालं, कीर्तनात मंत्री एकटाच तटावर चढतो. आधीच्याच श्लोकात 'महता बलेन' आहे, ते कोणी वाचत नाही. प्रशस्तीतला वीर नेहमी एकट्यानेच जिंकतो, फौज मागच्या श्लोकात उभी असते. पुढची ओळ सुंदर आहे: जे प्रतिष्ठित होते त्यांचं उन्मूलन केलं, जे उन्मूलित होते त्या सप्तनाथादी देवांची प्रतिष्ठा केली. शब्दांची अशी अदलाबदल जमवणारा कवी कसलेला होता यात शंका नाही. पण 'प्रतिष्ठा' म्हणजे 'देऊळ बांधलं' नव्हे. आणि 'सप्तनाथादि' यातला 'आदि' म्हणजे तर मोकळं मैदान. गोव्यातल्या निम्म्या देवस्थानांनी आपापला देव त्या 'आदि'त बसवलाय. लेखात सप्तनाथाचं नाव आहे, बाकी कोणाचं नाही. तुमच्या गावच्या स्मरणिकेत तुमच्या देवाचं नाव असेल तर समितीला विचारा, कुठल्या पत्र्यावर, कितव्या ओळीत? ओळ दाखवली तर छापा. नाही तर 'परंपरा सांगते' हे दोन शब्द आधी घाला. जागा काही फार लागत नाही. स्मरणिकेच्या बाबतीत मी एवढंच मागत आलोय, आणि दर वर्षी उत्तर येतं की मजकूर छापखान्यात गेला.

विजयाच्या सालावरूनही लोक हातघाईवर येतात, कोणी १३६६ म्हणतो, कोणी १३८०. या श्लोकांत साल नाही. ताम्रपटावर आहे ते दानाचं साल, विजयाचं नव्हे. शके १२९० चा, म्हणजे १३६८ चा, कर्नाटकातल्या शिकारीपूर भागातला शिलालेख माधवाला बुक्करायाचा महाप्रधान आणि बनवासी प्रांताचा अधिकारी म्हणून ओळखतो आणि गुरू म्हणून क्रियाशक्तीच देतो. म्हणजे तोवर माणूस चांगलाच वर चढलेला होता. एवढ्यावर समाधान माना. गोवा पुढे १४७२ मध्ये महमूद गवानने बहामन्यांसाठी परत घेतला, तोवर विजयनगरकडे राहिला.

मघाशी सांगायचं राहिलं: संवत्सराचा मेळ बसला म्हणजे लेख अस्सलच, असं नाही. चांगला जोशी हाताशी असलेला बनवेगिरी करणाराही ते जमवतो. म्हणून लिपी आणि नावांची जुळणीही बघावी लागते. माधव मंत्र्याच्या बाबतीत शिकारीपूरचा लेख आणि त्याची स्वतःची टीका दोन्हींकडून तोच गुरू येतो, म्हणून मी एवढं ठासून बोलतोय. आणि विद्यारण्यांना कमी लेखायचं नाहीये. शृंगेरीच्या पीठावर बसलेल्या माणसाला मोठेपणासाठी गोव्याची लढाई कशाला हवी?

देवळांचं तुम्ही विचारलंत. माधव मंत्र्याच्या हातचं उभं देऊळ दाखवता येणार नाही. श्लोकातला सप्तनाथ म्हणजे गोव्याच्या कदंब राजांचा सप्तकोटेश्वर, तो होता दिवाडी बेटावर. ते देऊळ बहामनी काळात गेलं, माधवाने प्रतिष्ठा केली, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडलं. तिथे कोटीतीर्थाची पायऱ्यांची तळी उरली आहे. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जा, बेट ओलांडून दुसऱ्या टोकाला. लिंग नदीपार डिचोलीच्या नार्वेत गेलं, आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेचं, माधवाचं नव्हे. स्मरणिकावाले इथेही दोघांना एक करतात.

नार्वेला गेलात तर दारावरचा लेख वाचा. कोणी वाचायला मदत म्हणून अक्षरांत खडू किंवा तेल भरत असेल तर थांबवा. एकदा चुकीच्या वळणावर रंग बसला की पुढचे सगळे तेच चुकीचं वाचतात. लेखात शके १५९०, कीलक संवत्सर आहे. बारा मिळवा, साठाने भागा: १६०२, बाकी ४२, कीलक. आणि शिकारीपूरच्या १२९० लाही तेच करून बघा. तिथेही बाकी ४२ येते.