लतादीदी गेल्या तेव्हा आम्ही नक्की कुठे होतो?

प्रश्न: ६ फेब्रुवारी २०२२, रविवार, लतादीदी गेल्या. मी नौपाड्यातल्या घरी मटार सोलत बसले होते, टीव्हीवर खाली पट्टी आली आणि शेंग हातातच राहिली, मला अगदी स्पष्ट आठवतंय. पण हे म्हणतात आपण तलावपाळीला चालायला गेलो होतो, तिथेच कळलं! यावरून घरात दरवेळी वाद. खोटं कोण बोलतंय? (वाचक, ठाणे)

उत्तर: ताई, खोटं कुणीच बोलत नाहीये हो. १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं तेव्हा तिथल्या कॉलेजच्या मुलांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं होतं की बातमी कुठे कळली, आणि दोन-अडीच वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांचं उत्तर पार बदललेलं, तरी खात्री मात्र पक्की, काहींना तर स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तरी पटेना. तुमचंही तसंच झालं असणार, दिवसभर तेच बोलणं, संध्याकाळी शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार टीव्हीवर, सगळं एकमेकांत मिसळतं. त्या सकाळचे व्हॉट्सॲप मेसेज दोघांच्या फोनवर असतील तर वेळ बघा, पण भांडायला नाही, एकत्र बसून बघा. आणि मटाराची ती शेंग कुठेतरी लिहून ठेवा, प्लीज.