कॉन्चेर्टोला ‘जुगलबंदी’ म्हणावे का?

पाश्चात्त्य संगीतात एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेला कॉन्चेर्टो म्हणतात. ‘क्लॅरिनेट कॉन्चेर्टो’चे (क्लॅरिनेट हे फुंकून वाजवायचे वाद्य) भाषांतर ‘क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदाची जुगलबंदी’ असे करावे काय, आणि मूळ शब्दच ठेवायचा झाल्यास त्याचे लिंग कोणते, अशी पृच्छा आहे.

‘जुगलबंदी’ येथे टाळावी, असे माझे मत आहे. जुगलबंदीत तोलामोलाचे दोन कलाकार एकाच रागाच्या चौकटीत सुचेल ते मांडतात आणि एकाने घेतलेल्या जागेला दुसरा तिथल्या तिथे उत्तर देतो. कॉन्चेर्टोतही संवाद असतो खरा, परंतु त्यातील प्रश्न आणि उत्तरे रचनाकाराने आधीच स्वरलिपीत बांधून ठेवलेली असतात. अमेरिकन रचनाकार ॲरन कोपलंड यांचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो पाहावा. तो लिहवून घेतला बेनी गुडमन यांनी, म्हणजे जॅझमधील उत्स्फूर्त वादनासाठी गाजलेल्या वादकाने, आणि १९५० साली प्रथम वाजवलाही त्यांनीच. तरीसुद्धा संथ पूर्वार्ध आणि चपळ उत्तरार्ध यांना जोडणारा कॅडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवत राहतो तो भाग, ज्यात पूर्वी वादकाला पुष्कळ मोकळीक असे, तोही कोपलंड यांनी पूर्ण लिहून दिला. उत्तरार्धातील जॅझच्या वळणाच्या सुरावटी त्यातच डोकावू लागतात. तेव्हा तो भाग वादकाच्या मर्जीवर सोडणे परवडणारे नव्हतेच. कॉन्चेर्टोचा अखेरचा भाग गुडमन यांना फार अवघड ठरेल म्हणून पुढे सोपा करण्यात आला, पण तो बदलही कागदावरच झाला.

म्हणून ‘कॉन्चेर्टो’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘एकल वाद्य व वाद्यवृंद यांसाठीची रचना’ असा खुलासा करावा. फोटो, रेडिओ, स्टुडिओ या ओकारान्त शब्दांप्रमाणे तो पुल्लिंगी मानणे सोयीचे: ‘कॉन्चेर्टो रंगला’, अनेकवचनी ‘दोन कॉन्चेर्टो ऐकले’, आणि सामान्यरूपात बदल न होता ‘कॉन्चेर्टोत’, ‘कॉन्चेर्टोचा’. ‘कन्सर्टो’ असेही लिहिलेले आढळते. परंतु शब्द इटालियन असल्याने ‘च’ लिहावा, आणि तो ‘चोर’मधला नव्हे, ‘चेहरा’मधला उच्चारावा.