परदेशात डिझाइन शिकवायला जाताना

अनेक आशीर्वाद.

तुझा पोर्टफोलिओ पाहिला. २४ प्रकल्प, सगळे देखणे. स्टुडिओतली नोकरी हवी असती तर निम्मे गाळ, एवढंच सांगितलं असतं. पण अर्ज शिकवण्याच्या जागेसाठी आहे आणि त्यात विद्यार्थ्यांचं काम कुठेच नाही. कार्यशाळांमधले पाच-सहा विद्यार्थी निवड, आणि फक्त हुशार नकोत. एखाद्या मध्यम विद्यार्थ्याचं पहिलं कच्चं रेखाटन, मधला टप्पा आणि शेवटचं काम शेजारी-शेजारी लाव. तू कुठे काय सुचवलंस ते खाली दोन ओळींत लिही. प्रत्येकाची परवानगी लेखी घे.

पीएचडी नाही म्हणून अमेरिकेचा विचार सोडू नकोस. तिथे स्टुडिओ विषय शिकवायला एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) हीच सर्वोच्च पदवी धरतात.

कागदाचं मात्र नीट बघ. तुझी पानं ए-फोर आहेत, २१० × २९७ मिमी. अमेरिकेतला लेटर कागद २१६ × २७९. पान त्यात बसवलं की सगळं ९४ टक्क्यांवर येतं. ९ पॉइंटच्या तळटिपा साडेआठच्या होतात. न बसवता छापलं तर वर-खाली मिळून १८ मिमी उडतात. जीएसएमची, म्हणजे कागदाचं वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये मोजायची सवयही तिथे दगा देते; तिथे ते पाउंडात मोजतात. ८० पाउंड ‘टेक्स्ट’ (आतल्या पानांचा कागद) म्हणजे साधारण ११८ जीएसएम, तर ८० पाउंड ‘कव्हर’ (मुखपृष्ठाचा कागद) म्हणजे २१६. आकडा तोच, जाडी जवळपास दुप्पट! ऑर्डर देताना पुढचा शब्द विसरलास की माहितीपत्रकाऐवजी पुठ्ठा हातात येतो.

आता क्रिट, म्हणजे भिंतीवर कामं लावून होणारी चर्चा. नवा शिक्षक इथेच फसतो. १५ विद्यार्थी, तीन तास, त्यात १५ मिनिटांची सुट्टी. म्हणजे प्रत्येकाला ११ मिनिटं. पहिल्या चौघांवर वीस-वीस मिनिटं गेली की शेवटच्यांच्या वाट्याला आठही येत नाहीत, आणि ते गप्प बसतात. घड्याळ समोर ठेव. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा कर.

सुरुवातीची दोन मिनिटं कोणीच बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं. आवडलं की नाही, ते नंतर. काम करणारा सगळ्यांत शेवटी बोलेल, नाहीतर तो आधीच बचाव मांडतो. तू ‘जरा कमकुवत वाटतंय’ म्हणू नकोस. इंग्रजी अडखळतं तेव्हा असले गुळमुळीत शब्दच आधी तोंडात येतात. पट्टी घेऊन भिंतीपाशी जा: ‘शीर्षक १४ पॉइंट, मजकूर १२. फरक दोनच पॉइंटांचा, म्हणून डोळा थांबत नाही. शीर्षक २४ करून बघ.’ एवढ्याला तुझं आहे ते इंग्रजी पुरतं.

सुधारलेली फाइल पाठव. लेटर मापात.