बीबीएचं नंतर बघू, आधी एम-थ्री

प्रश्न: सर, मी पुण्यात सेकंड इयर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. रोज सहा-सात तास बसूनही एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. लॅपटॉपवर लेक्चर, बाजूला व्हॉट्सॲप, रूममेटकडे मॅच. पण एवढं सगळ्यांचंच असतं. संध्याकाळपर्यंत डोकं बधिर होतं. प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला मात्र मजा येते. माझा कलच नाही का? बीबीएला जाऊ का?

उत्तर: आत्ता नको. डोकं दमतं, एवढंच तुझ्या पत्रातून कळतं. कल नाही असं कुठे दिसत नाही. उलट प्रॅक्टिकलचं तू ओघात लिहून गेलास, मला तेच महत्त्वाचं वाटलं.

एलडीईचं (लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनचं) गणित घे. पार्टिक्युलर इंटिग्रल काढताना तिसऱ्या ओळीवर ग्रुपवर कुणीतरी विचारतं, 'सबमिशन कधीये रे?' तू उत्तर देऊन लगेच परत येतोस. पण ते वजाचं चिन्ह कुठून आलं होतं? परत पहिल्या ओळीपासून वाचायचं. एकच गणित तीनदा सुरू केल्यावर कोण दमणार नाही?

स्टॅनफर्डच्या २००९ च्या अभ्यासात एकाच वेळी अनेक माध्यमं वापरणारी मुलं कामं बदलण्याच्या चाचणीतच मागे पडली होती, म्हणजे ज्याचा रोज सराव त्यातच! (नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसं दिसलं नाही, आणि सवयीमुळे लक्ष उडतं की लक्ष उडणाऱ्यांना सवय लागते, हेही त्यातून ठरत नाही.) तुझ्या कामाचा आहे तो कॅनडातला २०१३ चा प्रयोग. वर्गात लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे मार्क घसरलेच, पण ज्यांना तो स्क्रीन नुसता दिसत होता त्यांचेही घसरले. रूममेटची मॅच आठवली ना?

दोन आठवडे एवढंच कर. एम-थ्री लायब्ररीत, कागदावर, चाळीस-चाळीस मिनिटं; फोन बंद करून बॅगेत. फोन काढावासा वाटला की समासात एक काठी मार. सुरुवातीला समास भरून जाईल, जाऊ दे. रात्रीचे रील्स आवर, झोप पूर्ण कर. तरीही दिवसभर गळून गेल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना दाखव, तो विषय माझा नाही.

आणि एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेतल्या बीबीएला २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. दोन आठवड्यांनी तुझं तिथलं फारसं काही बिघडणार नाही. तेव्हा मला किती गणितं सुटली आणि काठ्या किती झाल्या ते कळव. तास नको.