'क्व' ऐकू आला की क्यू सापडला

अंबाजोगाईहून एका ताईंनी विचारलं आहे : "माझी भाची आठवीला आहे. शाळेत बाईंनी कोडं घातलंय. क्यू आणि झेड ही दोन्ही अक्षरं असलेला, दहापेक्षा जास्त अक्षरांचा इंग्रजी शब्द शोधून आणा म्हणाल्या. पोरगी तीन दिवसांपासून डिक्शनरी चाळायलीय, पण क्विझ आणि क्वार्ट्झच्या पुढं गाडी सरकंना. असा शब्द शोधायचा कसा? आणि जे आणि क्यू एकत्र येतात असा एखादा शब्द आहे का?"

ताई, भाचीची मेहनत वाया गेलेली नाही, ती फक्त चुकीच्या दारात उभी आहे. शब्दकोश पहिल्या अक्षरावर रचलेला असतो. हवं ते अक्षर शब्दाच्या पोटात दडलेलं असेल, तर क्यूची पानं कितीही उलटली तरी ते दिसणार नाही. तेव्हा कोश बाजूला ठेवायचा आणि आधी विचारायचं, या अक्षराची ऊठबस कुणाबरोबर असते?

क्यूची ऊठबस यूबरोबर. इंग्रजीत क्यूपाठोपाठ जवळजवळ नेहमी यू येतो, आणि त्या जोडीचा उच्चार बहुतेक वेळा आपला 'क्व' होतो. मराठी कानाला ही मोठी सोय आहे. आपण 'क्व' हे एकच अक्षर धरतो, कारण आपलं अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. इंग्रजीचं अक्षर म्हणजे कागदावरची एकेक खूण. म्हणून भाचीला सांगा, माहीत असलेले इंग्रजी शब्द मोठ्यानं म्हण आणि 'क्व' कुठं वाजतो ते ऐक. इक्वल, लिक्विड, फ्रीक्वेंट, रिक्वेस्ट. पाच मिनिटांत वहीचं अर्धं पान भरेल.

आता झेड. मोठ्या शब्दांत तो बहुधा शेपटीत सापडतो. क्रियापदाला लागणारं 'आइझ' आणि त्याचं नाम करणारं 'आयझेशन', ही झेडची हक्काची जागा. मग इक्वल घ्या. गणितातल्या 'इज इक्वल टू'मधलाच तो. त्याला शेपटी लावा : इक्वलायझेशन. ई-क्यू-यू-ए-एल, मग आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन. बोटांवर मोजा, 12 भरतात. देवनागरीत तोच शब्द सात अक्षरांचा दिसतो, म्हणून मोजणी स्पेलिंगवरूनच करायला सांगा.

इथं एक खड्डा आहे, आणि मला वाटतं भाचीचा पाय त्यातच अडकला असावा. ही शेपटी आपल्याकडे पुष्कळदा झेडऐवजी एसनं लिहितात. ब्रिटनमध्येही ती पद्धत रूढ आहे. तसं लिहिलं की हातात आलेला झेड निसटतो. पण झेडचं स्पेलिंग म्हणजे निव्वळ अमेरिकी खूळ, हा समज खरा नाही. ही शेपटी मुळात ग्रीक भाषेतली आहे आणि तिथं झेडचाच उच्चार होता, म्हणून ऑक्सफर्डचा कोशही झेडला पहिला मान देतो. बाईंनी शंका काढली तर हे बेलाशक सांगावं.

याहून मोठा शब्द हवा असेल तर लॅटिनमधलं 'लोक्वी' म्हणजे बोलणे, हे मूळ धरा. एकट्यानं बोलणं ते सॉलिलोक्वी, आपलं नाटकातलं स्वगत. त्याचं सॉलिलोक्वायझिंग केलं की 13 अक्षरं. ओठ न हलवता पोटातून बोलल्यासारखा आवाज काढणं, म्हणजे बोलक्या बाहुल्यांवाल्या शब्दभ्रमकाराची कला, त्यावरून व्हेंट्रिलोक्वायझिंग. ही 15. मला हाच शब्द सगळ्यांत आवडतो, कारण त्याचे तुकडे सुटे करताच अर्थ हाती येतो : 'व्हेंट्रि' म्हणजे पोट, 'लोक्वी' म्हणजे बोलणं.

यूशिवायचा क्यूही असतो, पण तो बहुतेक परक्या भाषांतून आलेल्या शब्दांत. कव्वालीचं इंग्रजी स्पेलिंग क्यूनं सुरू होतं आणि मागं यू नाही. कनात हा तसाच, क्यू-ए-एन-ए-टी. जमिनीखालून पाणी वाहून आणणाऱ्या कालव्याला इंग्रजीनं अरबीतून हा शब्द घेतला. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरनं 17 व्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची.

राहिला जे आणि क्यूचा प्रश्न. ही गाठ दुर्मीळ. जॅकार्ड हा एक शब्द, नक्षीदार कापड विणायच्या मागाचा. ज्या फ्रेंच माणसानं तो माग बनवला त्याचंच ते आडनाव. फ्रेंच वळणामुळं इथं 'क्व' ऐकू येत नाही, त्यामुळं आपली कानाची युक्ती फसते. दुसरा शब्द आहे जेक्विरिटी, जे-ई-क्यू-यू-आय-आर-आय-टी-वाय. ही म्हणजे आपली गुंज! कुंपणावर चढणाऱ्या वेलाची, लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेली. सोनार जिच्यावर सोनं तोलायचे तीच. भाचीच्या हातावर चार गुंजा ठेवा आणि हा शब्द सांगा, पण बी विषारी असतं, तोंडात घालू देऊ नका. एकवचनात नऊच अक्षरं होतात. चार गुंजा म्हटल्यावर मात्र वाय जाऊन आय-ई-एस लागतो, आणि अकरा भरतात.