त्वचेतील रक्तप्रवाहावर लक्ष ठेवण्याचे काम: परिचर्या की अभियांत्रिकी?

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांच्या जबड्याच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेनंतर परिचारिका दर तासाला फ्लॅपचा, म्हणजे दुसरीकडून आणून बसवलेल्या ऊतींच्या तुकड्याचा, रंग पाहत असत, फ्लॅप बोटाने दाबत असत आणि डॉप्लरचा, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज ऐकत असत. ते पाहून विज्ञान शाखेतील आपल्या मुलीलाही हेच काम करावेसे वाटते, पण त्यासाठी कोणते शिक्षण घ्यावे, असे आपण विचारले आहे. एवढ्याच कामाचा असा वेगळा व्यवसाय सहसा नसतो. ते सर्जन, परिचारिका आणि उपकरणे घडवणारे अभियंते यांच्यात वाटलेले असते.

फ्लॅप रक्तवाहिन्यांसह उचलून दुसरीकडे बसवताना काही मिलिमीटर रुंदीच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. त्यांत गुठळी होण्याचा धोका पहिल्या 2-3 दिवसांत सर्वाधिक असतो आणि ती जितकी लवकर लक्षात येईल तितकी फ्लॅप वाचण्याची शक्यता वाढते. धमनी बंद झाल्यास त्वचा फिकट व थंड पडते आणि दाबल्यावर रंग उशिरा परततो. शीर तुंबल्यास मात्र ती निळसर होऊन फुगते आणि रंग नेहमीपेक्षाही झटकन परततो, त्यामुळे अननुभवी माणूस निर्धास्त होण्याची शक्यता असते.

यंत्रेही निर्णय देत नाहीत. हातातल्या डॉप्लरला शेजारच्या धमनीचा आवाजही ऐकू येऊ शकतो. लेसर डॉप्लर हालत्या रक्तपेशींवरून परतलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतील बदल टिपतो, पण त्याचे आकडे सापेक्ष असल्याने सुट्या आकड्यापेक्षा तासातासाचा कल महत्त्वाचा. निकट-अवरक्त प्रकाशाचे यंत्र ऊतींतील हिमोग्लोबिनमध्ये किती ऑक्सिजन आहे, याचा अंदाज देते.

म्हणून मुलीला रुग्णाजवळ राहून निर्णय घेणे आवडत असेल, तर परिचर्येची पदवी आणि पुढे सूक्ष्मशस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभागातील अनुभव हा सरळ मार्ग आहे. (रात्रपाळीचा विचार आत्ताच करावा, पहिल्या रात्रीची एकही नोंद टाळता येत नाही.) तिचे कुतूहल यंत्राच्या आत असेल, तर जैववैद्यकीय अभियांत्रिकी घ्यावी व त्यात प्रकाशविज्ञान आणि संकेत-प्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) हे विषय मन लावून शिकावेत. आपल्या पत्रातील वर्णनावरून मला पहिला मार्ग अधिक जवळचा वाटतो, कारण तिचे लक्ष यंत्रापेक्षा परिचारिकांच्या हालचालींकडे गेलेले दिसते.

तरीही प्रवेशापूर्वी तिने एखाद्या प्लास्टिक सर्जरी विभागातील परिचारिकेशी परवानगीने बोलावे आणि यंत्र ठीक सांगत असताना सर्जनला बोलवावे असे त्यांना केव्हा वाटते, हे आवर्जून विचारावे.